बर्फाचा राडा

आपल्या मराठीला पावसाचे शब्द विचारावेत. वळीव, सर, झड, बुरबुर, रिमझिम, संततधार, मुसळधार! कोकणातल्या एखाद्या आजीबाईंना विचारले, तर त्या आणखी चार सांगतील आणि वर "हे तुमच्या पुस्तकात नसायचे हो" असा टोलाही देतील. पण बर्फाला आपल्याकडे शब्द किती? उसाच्या रसात टाकतात तो बर्फ, मासळीबाजारात पाट्यांवर पसरतात तो बर्फ आणि हिमालयाच्या शिखरावर पडतो तोही बर्फच. 'हिम' आहे, पण तो कवितेत आणि भूगोलाच्या पुस्तकात. जिथे जे पडत नाही, तिथे त्याला नावे हवीत कशाला? गेली वीस वर्षे मी मुलांना मराठी शिकवतो आहे, पण भाषेच्या या दारिद्र्याची टोचणी मला कधी लागली नव्हती. ती लागली गेल्या वर्षी नोव्हेंबरात, क्वेबेकमध्ये.

क्वेबेक हा कॅनडाचा फ्रेंच बोलणारा प्रांत. मॉन्ट्रियलहून पूर्वेला दीडशे किलोमीटरांवर शेरब्रुक नावाचे शहर आहे. मागोग आणि सँ-फ्रांस्वा या दोन नद्यांच्या संगमावर, टेकड्यांच्या अंगाखांद्यावर ते वसलेले आहे. तिथून दक्षिणेला वीसेक किलोमीटरांवर कॉम्प्टन हे खेडे. सगळा मुलूख दुभत्या गाईंचा, सफरचंदांच्या बागांचा आणि मेपलच्या रानांचा. कॅनडाचे एक पंतप्रधान, लुई सँ लोराँ, याच कॉम्प्टनमध्ये एका दुकानदाराच्या घरी जन्मले. ते वाण्याचे दुकान आजही जतन करून ठेवलेले आहे. माझा भाचा या गावात राहतो. गोठ्यांतून दूध काढण्याची यंत्रे बसवणे आणि बिघडली की दुरुस्त करणे हा त्याचा उद्योग. माझी थोरली बहीण, आमची अक्का, उन्हाळ्यापासून त्याच्याकडे होती. दिवाळीच्या सुटीला थोडी रजा जोडून मी गेलो, तो तिला परत आणायला.

ऑक्टोबरातला मेपलचा लाल-केशरी थाट पाहायला जगभरचे लोक या भागात येतात. मी पोहोचलो तेव्हा तो संपला होता. झाडे उघडी, आभाळ राखी, गाई गोठ्यात. प्रवासी येऊ नये असा हा महिना. पण त्या महिन्यात तिथल्या माणसांच्या तोंडी काय असते ते मात्र ऐकायला मिळते. किराणामालाच्या दुकानात, चर्चच्या पायरीवर, पोस्टात, जिथे जावे तिथे एकच प्रश्न: "टायर बदलले का?" आपल्याकडे मे महिन्याच्या अखेरीस "कौले शाकारली का?" असे विचारीत, तसा.

यामागे कायदाही आहे. १ डिसेंबर ते १५ मार्च या काळात क्वेबेकमधल्या मोटारींना हिवाळी टायर असलेच पाहिजेत. सबंध प्रांताला अशी सरसकट सक्ती करणारा कॅनडात हा एकच प्रांत. २००८ च्या हिवाळ्यात हा नियम प्रथम लागू झाला. तेव्हा मुदत १५ डिसेंबरपासून होती. २०१९ पासून ती पंधरवडाभर अलीकडे ओढली. पण कायदा एवढेच सांगतो, की टायर हिवाळी हवा. कोणता घ्यावा, हे ज्याचे त्याने ठरवायचे. आणि भाच्याच्या घरी नेमके तेच ठरत नव्हते.

त्याची गाडी म्हणजे फोर्डचा 'एफ-१५०' पिकअप. पुढे पाच माणसांची बैठक, मागे उघडा हौदा, हौद्यात अवजारांच्या पेट्या. उन्हाळ्यात त्याने तो जुना विकत घेतला होता. टायर होते ते बारमाही म्हणवणारे. गोटा झालेले नव्हते, पण नक्षी बरीच झिजलेली. घरात दुसरी गाडी नाही. दिवसभर हा पिकअप गोठ्यागोठ्यांतून हिंडे आणि रात्री सव्वाअकराला तोच घेऊन सूनबाई शेरब्रुकला जाई. तिथल्या एका वृद्धाश्रमात ती रात्रपाळीला असते. बारा ते आठ. दोन वर्षांची माझी नात आजीच्या कुशीत झोपलेली असे आणि आई पिकअपची चाके मागे लोटीत अंगणाबाहेर पडे. अक्का खिडकीशी उभी राहून मागचे लाल दिवे दिसेनासे होईपर्यंत पाही. मग देवापुढचा दिवा शांत होईपर्यंत जपमाळ ओढत बसे.

नोव्हेंबरच्या मध्याला पहिला बर्फ पडला. दुपारी कापसासारखा, मोठा नाजूक! नात हरखली, मी फोटो काढले. संध्याकाळी आम्ही सगळे शेरब्रुकहून घरी निघालो, तेव्हा त्या कापसाचे काय झाले होते ते रस्त्यावर दिसले. या देशात बर्फ पडू लागला की रस्त्यावर मीठ टाकतात. मिठाने पाण्याचा गोठणबिंदू खाली जातो. शून्याखाली दोनतीन अंश असले तरी बर्फ धड बर्फ राहात नाही आणि धड पाणीही होत नाही. त्याचा होतो राखाडी, जड, ओला लगदा. चाकांखालून तो बाजूला फेकला जातो आणि दोन चाकोऱ्यांच्या मधोमध त्याचा बांध साचतो. गाडीने चाकोरी बदलली, की पुढचे चाक त्या बांधात घुसते आणि कोणीतरी सुकाणू हातातून हिसकावल्यासारखे होते.

लेनॉक्सव्हिलच्या पुढे एका चौकात लाल अष्टकोनी पाटी आहे. तिच्यावर फ्रेंचमध्ये लिहिलेले असते 'आरे', म्हणजे थांबा. भाच्याने बरेच अलीकडे ब्रेक दाबला. वेग काही फार नव्हता. पायाखाली ब्रेकमधून दडदड आवाज आला, चाके फिरत-अडत राहिली आणि आमचा दोन टनांवरचा पिकअप, जणू ती पाटी दुसऱ्या कोणाला उद्देशून लावलेली आहे अशा थाटात, रेघ ओलांडून चौकाच्या मध्यापर्यंत सरकत गेला. आडव्या रस्त्याने त्या वेळी कोणी येत नव्हते. कोणी काही बोलले नाही. नात तेवढी "पुन्हा!" म्हणाली.

घरी आल्यावर अक्काने विचारले, "चारी चाकं ओढणारी गाडी आहे ना रे ही? तूच सांगत होतास."

"आहे ना. चारी चाकं लावलीही होती," भाचा म्हणाला.

"मग?"

सबंध प्रश्नाचे मर्म या एका "मग?" मध्ये होते. चार चाकांना इंजिनाची ओढ असली, की गाडी बर्फातून निघते लवकर, चढ चढते झोकात. पण थांबवायला प्रत्येक मोटारीला चारच ब्रेक असतात, मग ती कोणतीही असो. आणि ब्रेक थांबवतो ते चाकाला. गाडीला थांबवतो तो टायर, रस्त्याला टेकलेल्या तळहाताएवढ्या रबराने. चार चाकांच्या ओढीचा माणसाच्या मनावर उलटाच परिणाम होतो. गाडी सुरेख निघाली, की रस्ता आपल्या ताब्यात आहे असे वाटू लागते. हिमवादळानंतर खड्ड्यात कलंडलेल्या गाड्यांत पिकअप पुष्कळ दिसतात, असे गावातले लोक हसत हसत सांगत होते.

भाच्याच्या मनात दोन बेत होते. एक, मागच्या चाकांना दोनच टायर घ्यावेत. रिकामा पिकअप मागून हलका असतो, इंजिनाचे सारे ओझे पुढे. तेव्हा मागे पकड वाढवली म्हणजे झाले. दुसरा बेत असा, की घ्यायचेच तर खडबडीत, मोठमोठ्या ठोकळ्यांचे, चिखलातून आणि शेतातून जाणारे टायर घ्यावेत. ते बारा महिने चालतील, वर्षातून दोनदा काढाघालायचा खर्च वाचेल. शिवाय पिकअपला शोभतात! त्याचे म्हणणे अगदीच वावगे नव्हते. नव्या देशात नवा संसार, घराचे हप्ते, मुलीच्या पाळणाघराचे पैसे. चार टायर आणि त्यांच्यासाठी वेगळ्या लोखंडी रिमा मिळून त्याची जवळजवळ पंधरा दिवसांची कमाई जाणार होती.

आम्ही टायरवाल्याकडे गेलो. मॉन्ट्रियलच्या झगमगीत दुकानांसारखे ते दुकान नव्हते. गावाबाहेरची एक पत्र्याची शेड, आत रबराचा तो ओळखीचा दर्प (टायरचा वास पुण्यात आणि क्वेबेकमध्ये एकच असतो!), भिंतीपाशी टायरांच्या उतरंडी. मालक साठीच्या पुढचे, बोटांची कातडी काळवंडलेली. नोव्हेंबरात त्यांना बोलायला उसंत नसते, तरी हिंदुस्थानातून आलेला मराठीचा मास्तर टायरची चौकशी करतो आहे याची त्यांना गंमत वाटली असावी. भाचा दुभाषा झाला.

ते आम्हांला मागच्या अंगणात घेऊन गेले. थंडी शून्याखाली सहा अंश. रात्रभर बाहेर पडलेले दोन टायर त्यांनी दाखवले आणि मला अंगठ्याचे नख रोवायला सांगितले. पहिला होता कुणाचा तरी उतरवलेला बारमाही टायर. नख रोवले, तर चार दिवसांच्या वाळक्या भाकरीवर रोवल्यासारखे. दुसरा हिवाळी. त्यात नख अलगद रुतले, मळून ठेवलेल्या कणकेत रुतावे तसे. "सगळी विद्या एवढीच आहे," ते म्हणाले, "बाकीची नक्षी."

आपल्याकडे बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव बसवीत. लोहार ती लालभडक तापवून चाकावर चढवी आणि वर पाणी ओती. निवताना लोखंड आकसे आणि लाकडाला मगरमिठी मारी. थंडीने धाव घट्ट होई, तेच तिचे काम. रबराच्या बाबतीत हीच थंडी वैरीण. हवा सातेक अंशांच्या खाली गेली की साध्या टायरचे रबर ताठर होऊ लागते. ताठर रबर रस्त्याच्या बारीक खाचाखोचांत शिरत नाही, वरून घसरते. हिवाळी टायरच्या रबरात सिलिका अधिक घालतात आणि नैसर्गिक रबराचा वाटाही मोठा ठेवतात, कारण झाडाचे रबर कडाक्याच्या थंडीतही लवचिक राहते. ज्या झाडाने जन्मात कधी हिम पाहिले नाही, आपल्या केरळातल्या डोंगरउतारांवर जे चिकाची वाटी गळ्यात बांधून उभे असते, त्याच्याच चिकाला ही उत्तरेची थंडी सोसते, याचे मला मोठे नवल वाटले.

मग नक्षी. हिवाळी टायर जवळून पाहिला तर त्याच्या प्रत्येक ठोकळ्यावर सुरीने चिरल्यासारख्या नागमोडी चिरा असतात. टायर टेकला की त्या उघडतात, त्यांच्या शेकडो कडा बर्फाला धरतात आणि बर्फावरचा पाण्याचा पातळ पापुद्रा टिपून घेतात. निसरडेपणा या पापुद्र्याचा असतो. म्हणून तर फार कडक थंडीतल्या बर्फापेक्षा शून्याच्या आसपासचा ओलसर बर्फ अधिक घातकी! लगद्यासाठी मात्र चिरा पुरत नाहीत. त्याला वाट द्यावी लागते. मधून बाजूकडे जाणारे रुंद पाट असले, तर लगदा दाबून बाहेर फेकला जातो. ते नसले किंवा झिजून उथळ झाले, तर टायर त्या लगद्यावर तरंगू लागतो, होडीसारखा. कॅनडाचे वाहतूक खाते सांगते, की चार मिलिमीटरांपर्यंत झिजलेला टायर बर्फाळ रस्त्यावर वापरू नये. आमचे जुने टायर त्या हद्दीच्या जवळ आले होते.

भाच्याने ते मोठ्या ठोकळ्यांचे टायर दाखवून विचारले, "यांच्यावरही डोंगराची खूण आहेच की."

ही खूण समजून घेण्यासारखी आहे. टायरच्या अंगावर पूर्वीपासून 'एम' आणि 'एस' ही अक्षरे असतात, म्हणजे चिखल आणि बर्फ. पण ती केवळ नक्षीच्या आकारावरून दिली जातात. टायर बर्फावर चालवून पाहिलेला असतोच असे नाही. १९९९ पासून नवी खूण आली. तीन शिखरांचा डोंगर आणि त्याच्या पोटात हिमाचे फूल. ही मिळवायला टायरला खरोखरच दाबलेल्या बर्फावर चालवतात आणि ठरलेल्या एका नमुना टायरपेक्षा त्याची ओढ निदान दहा टक्के जास्त भरावी लागते. क्वेबेकचा कायदा हीच खूण मागतो. पण परीक्षा आहे ती ओढीची. गुळगुळीत बर्फावर थांबणे, लगद्यातून वळणे हे तिच्या अभ्यासक्रमातच नाही. एका धड्यावर प्रश्नपत्रिका काढावी आणि पास झालेल्याला साऱ्या पुस्तकाचा पंडित म्हणावे, तसलाच हा प्रकार. आमच्या विद्यापीठाचा मला भारी अभिमान वाटू लागला.

मोठ्या ठोकळ्यांचा टायर खोल, ताज्या बर्फात उत्तम चालतो, मालक म्हणाले. शेतातून, जंगलातून लाकडे आणायची असतील तर जरूर घ्या. पण त्याच्या ठोकळ्यांवर चिरा कमी आणि रबर कठीण. शिवाय जड ट्रकांसाठी केलेले जाड दहापदरी टायर सांगितले जातात ते वेगळेच. हौद्यात टनभर माल रोज असेल तर ते हवेत. रिकाम्या पिकअपखाली ते वाकतच नाहीत, म्हणून रस्त्याला नीट बसत नाहीत. दाराच्या चौकटीवर कारखान्याने जी पट्टी चिकटवलेली असते ती वाचा, तिच्यावरच्या वजनाच्या आकड्याखाली जाऊ नका आणि उगाच फार वरही जाऊ नका.

खिळ्यांच्या टायरांचीही चौकशी झाली. क्वेबेकमध्ये १५ ऑक्टोबर ते १ मे या काळात काही प्रकारच्या गाड्यांना ते चालतात. निव्वळ बर्फाच्या काचेवर त्यांच्यासारखे काही नाही. पण उघड्या रस्त्यावर ते खडखडतात आणि रस्ता कोरतात. जपानात खिळ्यांनी उडालेल्या धुळीने लोक इतके हैराण झाले, की १९९० मध्ये त्यांच्याविरुद्ध कायदा करावा लागला. आमचा रस्ता रोज मीठ पडणारा, बराच वेळ उघडा असणारा. खिळे बाद झाले.

दोनच टायरांच्या बेतावर मालकांनी वादच घातला नाही. पुढे एक आणि मागे एक अशी त्यांनी हाताची दोन पालथी मुठी टेबलावर ठेवली. मागची मूठ रोवून पुढची सरळ सरकवली. "वळवलं, तर गाडी वळणार नाही." मग पुढची रोवली आणि मागची गर्रकन फिरवली. "थांबवलं, तर गाडी फिरेल." झाले. त्यांनी दुभाषाची वाटही पाहिली नाही.

इतका वेळ सूनबाई मुलीला कडेवर घेऊन गप्प उभी होती. रात्रपाळी करून आलेली, डोळ्यांत झोप. ती भाच्याला म्हणाली, "दिवसा तू जातोस तेव्हा रस्ता साफ केलेला असतो. रात्री अकरानंतर रस्त्यावर मी असते आणि मीठ टाकणारा ट्रक, बस्स. परत येते तेव्हा रात्रीचा लगदा गोठलेला असतो, चाकोऱ्यांसकट. मला शेतात नाही जायचं. यांना विचार, त्या चौकात थांबतो तो टायर कोणता?"

हे मला फार खरे वाटले. टायर घेताना आपण गाडीकडे पाहतो, जाहिरातीतल्या डोंगराकडे पाहतो. पाहायचे असते ते त्या गाडीत कोणत्या वेळी कोण बसणार आहे, आणि त्या वेळी रस्ता कोणत्या अवस्थेत असणार आहे, इकडे. एकाच रात्रीत एकाच टायरने संध्याकाळी लगदा कापायचा आणि पहाटे काच धरायची, हे सूनबाईचे मागणे होते. मिठाची मात्राही पारा दहा-पंधरा अंश खाली गेला की लागू पडेनाशी होते; मग वाळू आणि खडीच पसरतात.

मालकांनी मान डोलावली आणि आतल्या उतरंडीतून एक टायर ओढून काढला. बिनखिळ्यांचा, मऊ रबराचा, चिरांनी भरलेला, मधून दोन्ही बाजूंना बाणासारखे पाट गेलेला. दिसायला अगदी साधा. रुंदीही कमी. गाडीवर १८ इंची रिमवर २७५ मिलिमीटर रुंदीचे टायर होते. त्यांनी १७ इंची रिमवर २६५ चे सुचवले. कारखाना ही गाडी या मापातही देतोच. दहा मिलिमीटर म्हणजे करंगळीच्या रुंदीएवढेही नाही. पण लगदा कापायला अरुंद चाक बरे, आणि लहान रिम स्वस्त. रुंद टायर म्हणजे जास्त पकड हे कोरड्या रस्त्याचे गणित, लगद्यात ते उलटते.

भाच्याने शेवटचा प्रयत्न म्हणून कोपऱ्यातल्या वापरलेल्या हिवाळी टायरांकडे बोट दाखवले. मालकांनी टायर फिरवून त्याच्या अंगावरचे चार आकडे दाखवले. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. टायर दहा वर्षांमागचा होता. नक्षी खोल होती, पण नख रुतले नाही. भाच्याने तो स्वतःच जागेवर ठेवून दिला.

दुकानात पाळी दहा दिवसांनंतरची मिळाली. मधल्या एका कोरड्या रविवारी आम्ही व्हालकूरला गेलो, तासाभराच्या अंतरावर. तिथे जोझेफ-आर्माँ बोम्बार्दिए यांचे संग्रहालय आहे. हा त्याच गावचा मेकॅनिक. त्या काळी या भागातले रस्ते हिवाळ्यात साफ करीतच नसत. मोटारी ठोकळ्यांवर चढवून ठेवीत आणि लोक घोड्याच्या घसरगाडीतून जात. १९३४ च्या हिवाळ्यात बोम्बार्दिएंच्या दोन वर्षांच्या मुलाच्या पोटात दुखू लागले. आंत्रपुच्छाचा विकार होता. इस्पितळ दूर, रस्ते बर्फाने बुजलेले, आणि ज्या बर्फावरच्या गाडीसाठी हा माणूस वर्षानुवर्षे खटपट करीत होता ती अजून धड चालत नव्हती. मुलगा गेला. पुढे १९३७ मध्ये त्यांनी रबरी पट्ट्यांवर चालणाऱ्या आपल्या गाडीचे पेटंट घेतले. सात माणसे बसतील अशी ती 'बी-७'. डॉक्टर, टपालवाले तिच्यातून हिंडू लागले. १९५९ मध्ये आलेली त्यांची 'स्की-डू' जगभर गेली. योगायोग असा, की त्याच १९३४ साली फिनलंडमधल्या एका रबर कारखान्याने हिवाळ्यासाठी म्हणून पहिला टायर बाजारात आणला, आणि तो ट्रकसाठीच होता.

संग्रहालयात पोरे यंत्रांची बटणे दाबत होती. अक्का त्या जुन्या गाडीपुढे बराच वेळ उभी होती. परतताना ती भाच्याला एवढेच म्हणाली, "पैसे कमी पडत असतील तर माझ्याकडचे घे. परतीच्या प्रवासाला मला काही लागत नाहीत." भाचा काही बोलला नाही. पुढच्या आठवड्यात त्याने पैसे स्वतःच भरले. अक्काचे घेतले नाहीत.

टायर बसले महिना संपायला तीन दिवस असताना. हौद्यात मागच्या आसाच्या वर वाळूच्या चार पिशव्या ठेवून पट्ट्यांनी आवळल्या, म्हणजे मागची चाके रुतून बसतील आणि गाडी कुठे अडकलीच तर चाकाखाली टाकायला वाळूही हाताशी राहील. हवेचा दाब थंडीत कमी होतो, साधारण साडेपाच अंश उतरले की एक पौंड. तेव्हा दर पंधरवड्याला तपासायचा. आणि शंभर किलोमीटर झाले की चाकांचे नट पुन्हा आवळायचे. हे सगळे मालकांनी भाच्याला बजावले, मग सूनबाईला वेगळे बजावले.

दुसऱ्याच दिवशी दुपारपासून पडायला लागला. संध्याकाळी लगदा, आठनंतर पारा खाली. सव्वाअकराला सूनबाई निघाली. अक्का खिडकीशी, मीही शेजारी जाऊन उभा राहिलो. लाल दिवे वळणापर्यंत गेले, वळणावर थांबले, मग वळले. बाराला पाच कमी असताना फोनवर "पोचले" आला. सकाळी पावणेनऊला ती आली, बूट झटकले आणि चहा घेता घेता म्हणाली, "नवे टायर गुणगुणतात हो मामा, भुंग्यासारखे. झोप येत नाही ते एक बरं." त्या चौकाबद्दल भाच्याने विचारले. "रेघेच्या अलीकडे. दोनदा मुद्दाम दाबून पाहिलं, मागे कोणी नव्हतं तेव्हा," ती म्हणाली आणि झोपायला गेली.

उतरवलेले चार टायर कोठारात रचून ठेवायचे होते. कोणता कुठला होता ते खडूने लिहून ठेवतात, म्हणजे वसंतात चाके अदलाबदल करून लावता येतात आणि झीज सारखी होते. दुकानाने फ्रेंच अक्षरांनी खुणा केल्या होत्या. अक्काने त्या ओल्या फडक्याने पुसल्या आणि आपल्या वळणदार अक्षरात लिहिले: 'पु. डा.', 'पु. उ.', 'मा. डा.', 'मा. उ.'. चौथ्या टायरवर खडू संपत आला होता, म्हणून 'उ' जरा पुसट आला. बाहेर पुन्हा भुरभुर सुरू झाली होती. तिला मी 'भुरभुर'च म्हणालो आणि कोठाराचे दार ओढून घेतले.